स्मृती, प्रमाण आणि मण्यार

वैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत हा प्रश्न कुठे ना कुठे उतरवलेला असतो. पावसाळ्यातली पहाट. जमिनीवर झोपलेला तरुण पोटात दुखतंय म्हणून उठतो. थोड्या वेळानं पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, घोट गिळवत नाही. अंगावर सूज नाही, चाव्याची खूण नाही, रक्त व्यवस्थित गोठतंय. निदान काय? खाली चार पर्याय. उत्तर आहे मण्यारचा दंश. नीट-पीजीमध्ये 200 प्रश्नांना साडेतीन तास मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट आणि वर तीन सेकंद. तेवढ्यात वाचायचं, आठवायचं, खूण करायची आणि पुढे जायचं.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हा प्रश्न कागदावर राहत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखल असतो आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या वाड्यांमध्ये अंथरूण बहुधा जमिनीवरच पसरलं जातं. उंदरांच्या मागावर मण्यार रात्री घरात शिरते. डोळखांब, किन्हवली, कसारा, धसई, सरळगाव अशा ठिकाणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर पहिल्यांदा हा रुग्ण येतो. मुरबाडहून कल्याण सुमारे तीस किलोमीटर, शहापूरहून ठाणे पन्नासहून अधिक. आणि माळशेजच्या पायथ्याच्या वाडीतून आधी मुरबाडलाच पोचायचं असतं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. त्यामुळे राज्यभरच्या अशा केंद्रांमध्ये दिवसा ओपीडी आणि रात्री पीजीचा अभ्यास करणारे तरुण डॉक्टर सापडतात. मेडिसिनच्या नोट्स, एक-ओळी मुद्दे, प्रश्नसंच यांची तिसरी-चौथी रिव्हिजन चाललेली असते. मण्यारची ती ओळ त्यांनी अनेकदा वाचलेली असते.

प्रश्न असा आहे की ती ओळ पाठ असणं म्हणजे मण्यारच्या दंशाचं ज्ञान असणं का? आणि नसेल, तर ती पाठ करण्याला काय अर्थ आहे?

भारतीय तत्त्वज्ञानात या प्रश्नावर शतकानुशतकं काटेकोर विचार झालेला आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्या ऐकण्यात विद्यार्थ्यांना निराश करणारं आहे. सतराव्या शतकात अन्नंभट्टानं ‘तर्कसंग्रह’ नावाची छोटी पुस्तिका लिहिली. न्यायशास्त्रात पहिलं पाऊल टाकणाऱ्यांसाठी ती आजही शिकवली जाते. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली तिची आवृत्ती 1897 साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली. अन्नंभट्ट बुद्धीचे दोन भाग करतो, अनुभव आणि स्मृती. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही प्रमाणं पहिल्या भागात येतात. स्मृती मात्र प्रमाणांच्या बाहेर राहते, कारण ती केवळ पूर्वीच्या संस्कारातून उपजते. जगाशी नवा संबंध जोडत नाही. मीमांसकांचं कारण थोडं वेगळं, पण निकाल तोच. जे आधी कळलेलं नव्हतं ते कळवणारं ज्ञान खरं प्रमाण, आणि स्मृती तर आधी कळलेलंच पुन्हा दाखवते.

म्हणजे ‘हॅरिसन’ या मेडिसिनच्या ग्रंथातलं पानच्या पान ज्याला तोंडपाठ आहे, त्याच्यापाशी न्यायशास्त्राच्या हिशेबानं अजून प्रमाण नाही. 1950 साली पहिल्यांदा छापला गेलेला तो ग्रंथ आता इतका जाडजूड झाला आहे की अखेरचं वर्ष त्याच्या सारांशांवरच काढावं लागतं. आणि सारांशाचं पाठांतर ही तर स्मृतीचीही स्मृती झाली.

पण अन्नंभट्ट इथे थांबत नाही. अनुमान कसं घडतं याची त्याची मांडणी पाहिली, की स्मृतीची गेलेली प्रतिष्ठा परत येते. माणसानं स्वयंपाकघरात पुष्कळदा पाहिलेलं असतं की धूर असेल तिथे अग्नी असतो. हा नित्यसंबंध म्हणजे व्याप्ती. मग तो डोंगराजवळ जातो आणि त्यावरून उठणारी धुराची रेघ पाहतो. मुरबाडकडच्या माणसाला याचं चित्र रंगवून सांगायला नको, उन्हाळ्याच्या अखेरीस राब भाजतात तेव्हा उतारांवर तेच दिसतं. धूर दिसताक्षणी व्याप्ती आठवते. आणि त्यानंतर येतो तो निर्णायक क्षण, ज्याला नैयायिक परामर्श म्हणतात: ‘अग्नीशी नेहमी जोडलेला असा हा धूर या डोंगरावर आहे.’ सर्वसाधारण नियम आणि समोरची वस्तू एका ज्ञानात जुळतात. परामर्शातूनच अनुमिती जन्मते. समोरचं नीट पाहिलं नाही तर परामर्श नाही, आणि व्याप्ती आठवली नाही तरीही नाही.

निदान म्हणजे नेमकं हेच. आरोग्य केंद्रातल्या खाटेवर बसलेल्या माणसाच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या आहेत हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. दमलेला, रात्रभर न झोपलेला माणूसही तसाच दिसतो. म्हणून त्याला वर बघायला सांगावं लागतं, जीभ बाहेर काढायला सांगावं लागतं, मान उचलून बघावी लागते. आणि त्याच वेळी ती पाठ ओळ उठून उभी राहिली पाहिजे. परीक्षेच्या पुस्तकानं त्यातलं एकच अंग पुरवलेलं असतं. दुसरं अंग खाटेपाशी. दोन्ही एकत्र आली की त्या क्षणी जे घडतं ते ज्ञान, मग ओळ कितीही जुनी असो, कारण हा रुग्ण नवा आहे. या माणसाला मण्यार चावली आहे हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मीमांसकांची नवेपणाची अटही इथे पुरी होते. पाठांतराला कमी लेखणाऱ्यांनी हा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा. व्याप्ती आठवत नसेल तर जगातली सर्वांत दयाळू नजरही त्या पापण्यांकडे बघून ‘ॲसिडिटी झाली असेल’ म्हणेल आणि दोन गोळ्या देऊन घरी पाठवेल.

प्रश्नातल्या एका तपशिलावर थोडं थांबायला हवं. चाव्याची खूण नाही. कितीतरी घरांत आणि कधी दवाखान्यातही इथेच घात होतो. खूण नाही, दुखत नाही, सूज नाही, मग साप कसा चावेल? मण्यारचे दात इतके बारीक आणि दंश इतका वेदनारहित असतो की झोपलेल्याला जागही येत नाही. एखादी वस्तू दिसत नाही यावरून ती नाही असं कधी म्हणता येतं? सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाच्या परंपरेनं अशा न दिसण्याला वेगळ्या प्रमाणाचा दर्जा दिला. त्याचं नाव अनुपलब्धी. त्याला एक अट मात्र आहे आणि सगळं मर्म त्या अटीत आहे. न दिसणं तेव्हाच पुरावा ठरतं, जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती. उजेडात, समोरच्या जमिनीवर घडा दिसत नसेल तर घडा नाही. अंधारात दिसत नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. मण्यारच्या चाव्याची खूण दिसण्याला योग्य अशी वस्तूच नव्हे. म्हणून तिचं न दिसणं हे प्रमाण नव्हे.

नेमकी उलटी गोष्ट स्क्रब टायफसची. पावसाळ्यानंतरच्या तापात अंगावर कुठेतरी काळी खपली मिळाली तर निदान जवळजवळ हातात येतं. पण ती काखेत, जांघेत, छातीच्या घडीखाली असते. कपडे न उतरवता, लाजेपोटी किंवा गर्दीपोटी वरवर पाहून ‘खपली नाही’ असं केसपेपरवर लिहिणारा डॉक्टर अंधारातल्या घड्याविषयी बोलत असतो. आवणीच्या दिवसांत चिखलात राबलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत ठणका आणि चिपडं नसलेले लाल डोळे दिसले तर लेप्टोस्पायरोसिस मनात आणायचा, हीसुद्धा एक-ओळी. तिच्यात काळ, देश आणि धंदा तिन्ही दडलेले आहेत. तो माणूस चिखलात होता का, हे विचारल्याखेरीज ती ओळ चालत नाही.

स्मृतीविषयी नैयायिक आणखी एक गोष्ट सांगतात. स्मृती खरी की खोटी हे तिच्या मुळाशी असलेल्या अनुभवावर ठरतं. अनुभव यथार्थ असेल तर स्मृती यथार्थ. तिचं सत्य उसनं असतं. आज मेडिसिनच्या प्रत्येक नोट्समध्ये एक ओळ आहे: लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन. विद्यार्थी ती काही सेकंदांत वाचून पुढे जातो. त्या ओळीमागचा अनुभव महाराष्ट्रातल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा आहे. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1970च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीत नोकरीला होते. कोकणात लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर घामानं निथळत, थंड पडत, तोंडाला फेस येऊन मरत होती. पुस्तकात या मरणावर नेमका उपाय नव्हता. त्यांनी रुग्णांच्या शेजारी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवली आणि ती निरीक्षणं 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. विषामुळे शरीरातली उत्तेजक द्रव्यं एकाएकी सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसात पाणी साचतं, हे ध्यानात आल्यावर रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या घरात आलं. आणि त्यांनी आपल्याच ओळीला शेवटची मानलं नाही. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी दाखवलं की प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

नाणेघाट चढून मुरबाडमधून पलीकडे गेलं की जुन्नर तालुका लागतो. तिथल्या नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी अशीच वर्षानुवर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर घालवली आहेत. घाटाच्या एका बाजूला जे पाठ केलं जातं, त्याचा अनुभव घाटाच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी जागून काढलेल्या रात्रींतून कमावलेला असतो. विद्यार्थ्याला हे ठाऊक असलं तर ती ओळ त्याच्या मनात वेगळी बसते असं मानायला जागा आहे. पाठ्यपुस्तकं नावं गाळतात. शिक्षकांनी ती परत घालावीत.

आता परीक्षेकडे. नीट-पीजीत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो. चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला तर सरासरीनं हाती येतो पाव गुण, आणि तोही अधिकच. म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्यानंही खूण करावी, रिकामं सोडू नये, असा या गुणपद्धतीचा सल्ला आहे. तयारी करून घेणारे वर्गही तोच देतात. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षानं ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात नैयायिकांच्या ज्ञानाच्या व्याख्येवर हल्ला चढवताना याच जातीचं उदाहरण घेतलं होतं. एक जण मुठीत कवड्या झाकतो आणि विचारतो, किती? दुसरा अंदाजानं म्हणतो, पाच. मूठ उघडते आणि कवड्या पाचच निघतात. समजूत खरी ठरली, वस्तुस्थितीशी जुळली. मग तिला ज्ञान म्हणायचं का? पश्चिमेत एडमंड गेटियरनं 1963 साली तीन पानांच्या निबंधात जवळपास हीच अडचण उभी केली आणि तिथलं ज्ञानमीमांसेचं क्षेत्र हादरलं. आपल्याकडे ती आठशे वर्षांपूर्वी मांडून झाली होती.

बहुपर्यायी उत्तरपत्रिका मुठीतल्या कवड्यांत आणि खऱ्या निदानात भेद करू शकत नाही. दोघांनाही चारच गुण. आरोग्य केंद्रावर मात्र तो भेद पहाटे चार वाजता होतो. अंदाजानं मण्यार म्हटलेला डॉक्टर पुढचं पाऊल टाकू शकत नाही, कारण पुढचं पाऊल ‘का’ या प्रश्नातून निघतं. प्रतिविषाची मात्रा मुलाला कमी द्यायची का? नाही, मोठ्याला जेवढी तेवढीच. कारण औषधानं विषाला मारायचं आहे आणि सापानं वजन पाहून विष टोचलेलं नाही. हे कारण ज्याला ठाऊक आहे तो आठ वर्षांच्या पोरासमोर कचरणार नाही. रक्त गोठतंय का हे पाहण्याची वीस मिनिटांची चाचणी काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीतच का करायची? काचेचा पृष्ठभागच गोठण्याची प्रक्रिया सुरू करतो, प्लास्टिकचा तसं करत नाही. प्लास्टिकच्या नळीत धडधाकट माणसाचं रक्तही न गोठता राहू शकतं आणि चाचणी फसवते. निओस्टिग्मिन नागाच्या दंशात उपयोगी पडतं, मग मण्यारच्या दंशात ते फारसं का चालत नाही? नागाचं विष स्नायूच्या दारावर बसून निरोप अडवतं. मण्यारचं विष निरोप पाठवणारं मज्जातंतूचं टोकच उद्ध्वस्त करतं, मग निरोपाची ताकद वाढवून फायदा काय. अशा ‘का’ला उत्तर असेल तर ती ओळ ज्ञानाच्या बाजूला झुकते.

याचा अर्थ पाठांतर सोडावं असा मुळीच नाही. चरकसंहितेत या बाबतीत एक विलक्षण गंभीर विधान आहे. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात चरक म्हणतो की बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळली की माणसाच्या हातून जे वाईट कर्म घडतं तो प्रज्ञापराध, आणि सगळ्या दोषांच्या प्रकोपाचं ते एक मूळ. तिथे तो रोग्याविषयी बोलतो आहे. पण विसरण्याला ‘अपराध’ या शब्दाच्या पंगतीला बसवणं हा नैतिक निवाडा आहे आणि तो वैद्यालाही लागू होतो. आठवायला हवं होतं ते ऐन वेळी न आठवणं ही फक्त दुबळाई राहत नाही, जर आठवणीत ठेवण्याची जबाबदारी आपणहून घेतली असेल. त्याच अध्यायात चरक स्मृतीची आठ कारणं देतो. निमित्त, रूपाचं ग्रहण, सारखेपणा, विरोध, मनाची एकाग्रता, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुन्हा ऐकणं. हेर्मान एबिंगहाउसनं 1885 साली स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि पुनरावृत्तीनं तो मंदावतो हे दाखवलं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 साली दाखवलं की मजकूर परत वाचण्यापेक्षा तो मिटून आठवण्याचा प्रयत्न केला तर आठवड्यानंतर जास्त शिल्लक राहतं. चरकाच्या यादीतला ‘विरोध’ विशेष मोलाचा वाटतो. नाग आणि मण्यार शेजारी ठेवून फरक शोधला, घोणस आणि फुरशाच्या दंशातली सूज अन् रक्तस्राव समोर ठेवला, की चारही जण मनात आपापल्या जागी बसतात. आणि चरक वैद्यांनी आपल्या शास्त्राच्या जाणकारांशी वादसंवाद करावा असं आग्रहानं सांगतो. एकट्यानं खोलीत बसून केलेल्या रिव्हिजनमध्ये हीच गोष्ट राहून जाते.

आपल्याआधी रुग्ण कुणाकडे गेला होता, हा या मुलुखातल्या डॉक्टरपुढचा रोजचा प्रश्न. अनेकदा तो भगताकडे गेलेला असतो. यावर चिडणं सोपं आहे, पण भगतावरच्या विश्वासाचीही एक तर्करचना आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय मोडता येत नाही. साप चावलेला माणूस भगतानं मंत्र घातल्यावर बरा झाला, हे गावानं खरोखर पाहिलेलं असतं. एकदा नाही, पुष्कळदा. त्यावरून गाव व्याप्ती बांधतं. न्यायशास्त्र इथे उपाधी शोधायला सांगतं, म्हणजे आड लपलेली ती अट, जिच्यामुळे संबंध भासतो. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचलं जातंच असं नाही. अशी माणसं मंत्राशिवायही बरी झाली असती. ज्यांच्या अंगात मण्यारचं विष उतरलं त्यांच्यासाठी मंत्र घालण्यात गेलेला तास परत येत नाही.

महाराष्ट्राचा 2013चा जादूटोणाविरोधी कायदा या बाबतीत नेमका आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्याच्या अनुसूचीतला गुन्हा. गुन्हा आहे तो रोखणं. कुणाच्या मनातल्या श्रद्धेला कायद्यानं हात लावलेला नाही. या कायद्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः मिरजेत शिकलेले एमबीबीएस होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. चरक आप्ताची व्याख्या करताना तप आणि ज्ञानाच्या बळावर रज-तमापासून सुटलेला, म्हणून ज्याचं बोलणं निःशंक मानावं असा पुरुष, असं वर्णन करतो. वाडीच्या दृष्टीनं आप्त तो, जो रात्री हाक मारल्यावर येतो. रात्री केंद्रावर हजर असलेला, रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलणारा डॉक्टर हा भगताच्या तर्काला दिलेलं सर्वांत परिणामकारक उत्तर आहे. गाडी येईपर्यंत भगतानं अंगारा लावला तर लावू द्यावा, पण गाडी अडता कामा नये.

परीक्षेच्या वहीतली आणखी एक ओळ तत्त्वज्ञानाच्या सर्वांत खोल पाण्यात नेऊन सोडते. मण्यारच्या दंशानं पूर्ण लुळा पडलेला रुग्ण मेंदूमृत असल्यासारखा दिसू शकतो. बाहुल्यांवरून निष्कर्ष काढू नये. अशा रुग्णाच्या पापण्या मिटलेल्या असतात, त्या उचलल्या तर बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला न हलणाऱ्या. हातपाय निर्जीव, चिमटा काढला तरी हालचाल नाही, श्वास थांबलेला. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं संपलेलं दिसतं. आतला माणूस मात्र जागा असू शकतो, आणि त्याला ऐकू येत असतं. विषानं मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला दुवा तोडलेला असतो. मेंदूला हात लावलेला नसतो.

कणादाच्या वैशेषिक सूत्रांत आत्म्याची लिंगं, म्हणजे तो आहे हे ओळखण्याच्या खुणा, मोजल्या आहेत. श्वासोच्छ्वास आणि पापण्यांची उघडझाप त्यांत अगदी सुरुवातीला येतात. दुसऱ्याच्या ठायी चैतन्य आहे हे आपण कधीच प्रत्यक्ष पाहत नाही. त्याच्या हालचालींवरून अनुमानानं जाणतो. मण्यारच्या रुग्णात कणादानं सांगितलेल्या बाहेरून दिसणाऱ्या खुणा एकामागोमाग मावळतात. मग आत्मा नाही म्हणायचं? उत्तर पुन्हा न्यायशास्त्रातच आहे. धूर असेल तिथे अग्नी असतो. पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही, हे नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण. खूण गेली म्हणून खुणेनं सुचवलेली वस्तू गेली असं ठरत नाही. चैतन्याच्या बाबतीत ही चूक झाली तर तिची किंमत जिवंत, ऐकणाऱ्या माणसाचा जीव असते.

म्हणून प्रतिविष दिल्यावरही श्वास चालू ठेवणं हाच त्या रुग्णाचा खरा उपचार. प्रतिविष रक्तात फिरणारं विष निकामी करतं, पण तुटलेली टोकं जोडत नाही. ती शरीर आपली आपण परत उभी करतं आणि त्याला तास नव्हे तर कधी दिवस लागतात. तोवर कुणीतरी श्वास देणारा फुगा दाबत राहायचं. शहापूरहून ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे जाणाऱ्या 108च्या गाडीत, वाटेतल्या सगळ्या कोंडीतून, न थांबता. आणि फुगा दाबताना रुग्णाशी बोलायचं. तुला साप चावला आहे, तुझा श्वास आम्ही चालवतोय, घाबरू नकोस, हे उतरेल. ज्याला ऐकू येत असल्याची शक्यता आहे त्याच्या उशाशी ‘गेला हा’ असं म्हणणं हा अपराध आहे. ही ओळ आठवणारा डॉक्टर आणि न आठवणारा डॉक्टर यांच्यात गुणांचा फरक चारचा. बाकीचा फरक मोजता येत नाही.

भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58,000 माणसं मेली, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. प्रतिविष, औषध, गाड्या यांचा हिशेब आराखड्यात असतो. पहाटेच्या पापण्या ओळखणारी नजर त्यात मागवता येत नाही, ती तयार करावी लागते.

त्यासाठी मेडिसिनच्या अध्यापकांना एक विनंती आहे. व्हायव्हात ‘उत्तर काय’ विचारून झाल्यावर ‘कशावरून’ असं विचारा, आणि विद्यार्थ्यानं ‘खूण नाही’ म्हटलं तर ‘असती तर दिसली असती का’ असंही विचारा. आणि शहापूर-मुरबाडसारख्या ठिकाणी बंधपत्राचं वर्ष काढणाऱ्यांना सांगणं एवढंच की प्रश्नसंचाच्या शेजारी दुसरी वही ठेवा. केंद्रावर आलेला प्रत्येक सर्पदंश, विंचूदंश, पावसाळ्यातला प्रत्येक न उलगडलेला ताप तिच्यात लिहा. किती वाजता चावलं, कुठे झोपला होता, आधी काय दिसलं, काय दिलं, पुढे काय झालं. वर्ष संपल्यावर ती वही पुढच्या डॉक्टरच्या हाती देऊन जा.